ॲनालॉग आणि डिजिटल वायरलेस एकत्र चालवायचंय? नाशिकात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सातपूरला वायरलेस सेटचं रिपेअरिंग आणि प्रोग्रामिंग करतो, वीस वर्षं होऊन गेली. सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला ठरल्यापासून रोज कोणी ना कोणी तेच तेच विचारतं, कधी कारखान्याची सेफ्टी टीम, कधी स्वयंसेवकांचा म्होरक्या, कधी नुकताच भरती झालेला फायरमन, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. कुठल्या खात्याच्या नेटवर्कची आतली माहिती इथे नाही, फोन करून मागू पण नका.

फरक काय तो एकदा साध्या भाषेत सांगा ना

ॲनालॉगमध्ये तुमचा आवाज जसा आहे तसा लहरीवर बसतो. आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी जरा इकडे जरा तिकडे हलते, समोरचा सेट त्या हालचालीचा परत आवाज करतो, संपलं. डिजिटलमध्ये सेटमधली चिप आधी तुमचं बोलणं ऐकते, दर २० मिलिसेकंदाला त्याचं माप घेते, सूर केवढा, जोर केवढा, अक्षर गळ्यातून आलं की नुसती फुसफुस आहे वगैरे, आणि फक्त ती मापं आकड्यांत पाठवते. पलीकडची चिप त्या मापांवरून आवाज नव्याने तयार करते. तुम्हाला वाटतं साहेब बोलतायत, पण कानावर पडतं ते चिपने काढलेलं साहेबांच्या आवाजाचं चित्र. डीएमआर नावाच्या डिजिटल प्रकारात या चित्राला सेकंदाला २४५० बिट मिळतात आणि वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करायला अजून ११५०, बास. मोबाइलवरचं साधं गाणंसुद्धा याच्या कितीतरी पट जागा खातं.

हे डोक्यात ठेवा, पुढचे अर्धे प्रश्न इथूनच सुटतात.

माझ्या जुन्या ॲनालॉग सेटवर डिजिटलवाल्यांचं बोलणं ऐकू येईल का?

नाही. खर्रर्रर्र असा आवाज येईल, लांबून बुलेट चालू केल्यासारखा. आणि सेटला टोन घातलेला असेल (सीटीसीएसएस म्हणतात ते, ६७ ते २५४.१ हर्ट्झमधले बारीक सूर, आपल्याला ऐकू येत नाहीत पण सेटला येतात) तर तेवढंही येणार नाही, सेट एकदम गप्प. लोकांना वाटतं गप्प बरं. मला उलट खर्रर्र परवडतं, कारण सेट गप्प असला की माणूस समजतो चॅनेल मोकळा आहे, पीटीटी (बोलायचं बटण) दाबतो आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर बसतो.

डिजिटल सेट मात्र बहुतेक सगळे दोन्हीकडे चालतात. एका चॅनेलवर डिजिटल, दुसऱ्यावर ॲनालॉग असं प्रोग्रामिंग करता येतं. म्हणजे एकत्र चालवायची सोय नव्या सेटकडे आहे, जुन्याकडे नाही. सगळी जुळवाजुळव नव्या सेटवाल्यानेच करायची, सासरी आलेल्या सुनेसारखी.

एकाच रिपीटरवर दोन्ही चालतं असं सेल्सवाला म्हणाला, खरं आहे का?

खरं आहे पण त्याने अर्धंच सांगितलं. रिपीटर म्हणजे ऐकलेलं बोलणं जास्त ताकदीने पुढे पाठवणारा मधला सेट. त्यात मिक्स्ड मोड रिपीटर असतो, तो समोरून आलेला सिग्नल ॲनालॉग आहे की डिजिटल ते ओळखतो आणि ज्या प्रकारात आला त्याच प्रकारात पुढे फेकतो. भाषांतर करत नाही! ॲनालॉगवाला बोलला की ॲनालॉगवाल्यांनाच ऐकू जाणार, डिजिटलवाला बोलला की डिजिटलवाल्यांना. दोघं एकाच रस्त्याने जातायत एवढंच, एकमेकांशी बोलत नाहीयेत. काही कंपन्यांचे सेट एकाच चॅनेलवर दोन्ही ऐकतात आणि ज्याने हाक मारली त्याच्याच प्रकारात उत्तर देतात, ते वेगळं, तशी सोय असेल तर डेमोमध्ये समोर करून दाखवायला लावा, पुस्तिकेत वाचून दाखवतील ते धरू नका.

दुसरी गोम अशी की डीएमआर एका १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये दोन बोलणी बसवतं. ३० मिलिसेकंद पहिल्याचे, ३० दुसऱ्याचे, पुन्हा पहिल्याचे, इतक्या पटापट की दोघांनाही वाटतं चॅनेल आपला एकट्याचा. ॲनालॉगला हे वाटून घेणं जमत नाही, तो आला की पूर्ण चॅनेल अडवतो, डिजिटलचे दोन्ही स्लॉट बंद. म्हणजे एखादा जुना सेटवाला "हॅलो हॅलो, ऐकू येतंय का, चहा आला का" करत बसला तर डिजिटलच्या दोन्ही टीम थांबून. आणि त्यांना कळणारही नाही का थांबलोय, नुसता नकाराचा बीप वाजत राहणार.

वर ॲडमिट क्रायटेरिया नावाची एक सेटिंग असते, पीटीटी दाबल्यावर सेटने आधी काय तपासायचं ती. तिथे "फक्त आपला कलर कोड मोकळा आहे का बघ" असं ठेवलं (कलर कोड म्हणजे डिजिटलचा टोन समजा, ० ते १५) तर डिजिटल सेट चालू ॲनालॉग बोलण्यावर बिनधास्त चढतो, त्याच्या हिशोबाने चॅनेल मोकळाच आहे. मिसळलेल्या चॅनेलवर "चॅनेल पूर्ण मोकळा असेल तरच" हे ठेवा. इमर्जन्सीला अपवाद ठेवता येतो.

मग भानगड कशाला, सगळं एकदम डिजिटल का नाही करत?

पैसे, दुसरं काय. चारशे सेट एका दिवसात कोणी बदलत नाही, दरवर्षी थोडे थोडे येतात आणि जुना सेट मरता मरत नाही, माझ्याकडे सर्व्हिसिंगला येणारे काही ॲनालॉग सेट माझ्या मुलापेक्षा वयाने मोठे आहेत. अमेरिकेतसुद्धा सरकारने १ जानेवारी २०१३ पर्यंत २५ किलोहर्ट्झचे चॅनेल अरुंद करून १२.५ वर या असं बंधन घातलं, डिजिटलच घ्या असं नाही म्हटलं, अरुंद ॲनालॉग चालत होतं आणि बऱ्याच ठिकाणी अजून चालतंय.

हे अरुंद-रुंदचं प्रकरण आपल्याकडेही नडतं बरं का. रुंद चॅनेलचा सेट आवाजाबरोबर ५ किलोहर्ट्झपर्यंत हलतो, अरुंदचा २.५. रुंद सेट अरुंदशी बोलला की आवाज फाटतो, अरुंद रुंदशी बोलला की तो कुजबुजल्यासारखा वाटतो. माझ्याकडे "डिजिटल आल्यापासून जुने सेट बिघडले" म्हणून येणाऱ्यातले निम्मे तरी हेच असतं, नवा सेट अरुंदवर प्रोग्राम केलाय आणि जुना तसाच रुंदवर राहिलाय. पाच मिनिटांचं काम.

डीएमआर, टेट्रा, पी२५ यातलं चांगलं कोणतं?

तिन्ही चांगली, तिन्ही एकमेकांना बहिरी. टेट्रा युरोपातून आलं, २५ किलोहर्ट्झमध्ये चार बोलणी, मोठ्या शहरांसाठी, दिल्लीत २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सला लावलं होतं. पी२५ अमेरिकेतल्या पोलीस आणि फायरवाल्यांच्या संघटनांनी १९८९ पासून बसून ठरवलं. डीएमआरचं स्टँडर्ड युरोपातल्याच ईटीएसआय या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने २००५ मध्ये काढलं, त्यातल्या त्यात स्वस्त, म्हणून कारखाने, हॉटेलं, स्वयंसेवक सगळे त्यावर. "डिजिटल घ्या" एवढंच टेंडरमध्ये लिहिलं तर तीन खात्यांकडे तीन प्रकारचे डिजिटल सेट येतील आणि मग त्यांना जोडणारा एकच दुवा उरेल, तो म्हणजे ॲनालॉग. म्हाताऱ्याला घराबाहेर काढायला निघाले आणि किल्ली त्याच्याच कनवटीला निघाली.

गर्दीत, गोंगाटात कोणतं चांगलं ऐकू येतं?

हा खरा प्रश्न, आणि लोक सगळ्यात शेवटी विचारतात.

डेमो कुठे होतो? एसी ऑफिसात. तिथे डिजिटल काचेसारखं स्वच्छ, खरखर नाही, हिस्स नाही, समोरचा माणूस शेजारी बसल्यासारखा. आम्ही गेल्या गणपतीत रविवार कारंजाजवळ एकाच कंपनीचे दोन सेट घेऊन गेलो, एक डिजिटल चॅनेलवर, एक ॲनालॉगवर, आणि मित्राला नाशिक ढोलच्या पथकापासून दहा पावलांवर उभं केलं. नाशिक ढोल म्हणजे काय ते नाशिककराला सांगायला नको, छातीत बसतो. त्याने दोन्ही सेट तोंडापासून सारख्या अंतरावर धरून ठरलेली वाक्यं वाचली. मी भद्रकालीच्या बाजूला एका दुकानाच्या पायरीवर बसून लिहून घेत होतो. ॲनालॉगवर ढोल ढोलासारखा आला आणि त्याच्या मागून मित्राचं ओरडणं, वैतागवाणं, पण शब्द लागत होते. डिजिटलवर ढोल आलाच नाही नीट, मित्रही आला नाही, दोघं मिळून पाण्याखाली कोणी गुळण्या करतंय असं काहीतरी. "गेट बंद करू नका" हे वाक्य माझ्या वहीत "गेट बंद" असं उतरलंय. पुढचं गेलं.

आता बघा, मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. करू नका, जाऊ नका, सोडू नका. आणि माणूस घाईत पीटीटी शेवटचा शब्द संपायच्या आधीच सोडतो. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा शब्द नेमका सगळ्यात कच्च्या जागी. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, वायरलेसवर नकारार्थी वाक्य बोलायचंच नाही. "गेट उघडं ठेवा" म्हणा. "गर्दी पुलावर सोडू नका" ऐवजी "गर्दी पुलाअलीकडे थांबवा". अर्धवट ऐकू आलं तरी उलटा अर्थ निघत नाही.

चिपचा दोष असा की ती माणसाचा आवाज ओळखायला शिकलेली आहे, त्यात ढोल, भोंगा, करवत मिसळली की माप कशाचं घ्यायचं तेच तिला कळत नाही. हा नुसता माझ्या कारंजावरचा अनुभव नाही. अमेरिकेत फायर चीफ लोकांच्या संघटनेने तक्रार केल्यावर तिथल्या वाणिज्य खात्यातल्या एनटीआयएने २००८ मध्ये रीतसर चाचणी घेतली, चेनसॉ, फिरती करवत, बंबाच्या पंपाचा आवाज, जवानाच्या अंगावरचा अलार्म असे आवाज लावून ऐकणाऱ्यांना शब्द ओळखायला लावले, त्यात काही आवाजांमध्ये ॲनालॉग सरस निघालं. त्याच्या आधी मार्च २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या फायरवाल्यांनी नवे कोरे डिजिटल हँडसेट परत काढून घेतले होते, एका घराच्या आगीत अडकलेल्या जवानाची हाक जागेवरच्या सहकाऱ्यांना ऐकू गेली नव्हती.

नवे सेट सुधारलेत, नॉइज कॅन्सलेशन बऱ्यापैकी काम करतं, एकसारख्या गुरगुरणाऱ्या आवाजात आणि वाऱ्यात तर डिजिटल पुढे जातं. पण ढोल आणि लाउडस्पीकरसमोर स्वतः टेस्ट केल्याशिवाय मी कोणाच्या शब्दावर जाणार नाही. माइक तोंडापासून चार बोटं, पाठ आवाजाकडे, आणि ओरडायचं नाही, ओरडलं की डिजिटल अजून बिघडतं. आगीच्या जागेवर जवान ते जवान बोलायला साधा ॲनालॉग, रिपीटरशिवायचा थेट चॅनेल ठेवा, हे माझं मत आहे आणि ते बदलायला मला अजून कारण सापडलेलं नाही.

डिजिटलची रेंज जास्त असते ना?

कामाची रेंज साधारण सारखीच, संपायची पद्धत वेगळी. त्र्यंबक रोडने जा, साधारण तीस किलोमीटरचा रस्ता. ॲनालॉग सेटवर शहर मागे पडलं की हळूहळू हिस्स वाढत जातो, तुम्हाला आधीच समजतं की आता सुटणार, तेवढ्यात तुम्ही गाडी उंचावर थांबवता, निरोप देऊन टाकता. डिजिटल शेवटपर्यंत ठणठणीत, आणि मग अंजनेरीच्या अलीकडे एका वळणावर एकदम काही नाही. घाटाचा कठडा संपल्यासारखं. काठावर असताना थोडा वेळ यंत्रमानवासारखा तुटक आवाज येतो, तो आला की समजा पुढचं वाक्य जाणार नाही.

म्हणून कव्हरेज बघताना "ऐकू आलं का" एवढं विचारून चालत नाही, ॲनालॉगची सवय असलेल्या माणसाला डिजिटलची धोक्याची घंटा ऐकू येत नाही. सरदार चौकातून रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्ल्या, काळाराम मंदिरामागची बोळं, सराफ बाजार, इथे दोन्ही बाजूला जुने वाडे आणि वर नवे मजले, चालत चालत दहा दहा पावलांवर थांबून तपासा. २७ ऑगस्ट २००३ ला याच उतारावर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. वायरलेसमुळे गेले असं मी म्हणत नाही, पण अशा उतारावर "वरून सोडणं थांबवा" हा निरोप अर्धा मिनिट उशिरा पोचणं म्हणजे काय ते नाशिकने बघितलंय. आणि टेस्ट खांद्याला सेट लावून, अंगात रेनकोट घालून, दोन्ही बाजूंनी माणसं उभी करून करा, रिकाम्या गल्लीत पहाटे केलेली टेस्ट स्नानाच्या दिवशी काही कामाची नाही, माणसाचं शरीर सिग्नल खातं.

ॲनालॉग आणि डिजिटल टीमला खरोखर एकमेकांशी बोलायला लावायचं असेल तर?

गेटवे लागतो. आपल्या बोलीत सांगायचं तर दोन सेट पाठीला पाठ लावून बांधायचे, एक ॲनालॉग एक डिजिटल, याचा स्पीकर त्याच्या माइकला आणि त्याचा याच्या माइकला, मधे एक डबा जो सांगतो आता कोण बोलतंय आणि कोणाची पीटीटी दाबायची. मोठ्या ठिकाणी हेच काम नेटवर्कवरून कंट्रोल रूमचं कन्सोल करतं.

यात माझं एकदा तोंड पोळलंय ते सांगतो. एका मोठ्या कार्यक्रमाला असाच गेटवे बसवला होता, रात्री टेस्टला टोन काढून ठेवला होता आणि सकाळी परत घालायला विसरलो. चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. सकाळी साडेनऊला त्याच फ्रिक्वेन्सीवर कुठलातरी लांबचा डिजिटल सेट बोलायला लागला, माझ्या ॲनालॉग सेटने तो खर्रर्र ऐकला, टोन नसल्यामुळे त्याला वाटलं कोणीतरी बोलतंय, डब्याने डिजिटल बाजूची पीटीटी दाबली आणि अख्ख्या डिजिटल ग्रुपवर बुलेटचं इंजिन सुरू. साठ-सत्तर माणसांचा चॅनेल चार मिनिटं बंद. मी धावत गाडीपाशी गेलो आणि सरळ वायर उपटली. चार मिनिटं म्हणजे किती, ते हातात सेट धरून उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

तेव्हा गेटवेच्या ॲनालॉग बाजूला टोन पाहिजेच, पाहिजेच. सलग बोलण्याला वेळेची मर्यादा लावा, एक मिनिट भरपूर झालं. त्याच दोन ग्रुपमध्ये दुसरा गेटवे कोणी लावलाय का विचारा, दोन लागले तर आवाज गोल गोल फिरत बसतो आणि दोन्हीकडचे चॅनेल अडकतात. दोन्ही बाजूंच्या आवाजाची लेव्हल कानाने जुळवू नका, मीटर वापरा. आणि तो बंद करायचं बटण कुठे आहे ते निदान तीन माणसांना माहीत असू द्या, मी एकटा चहाला गेलेलो असू शकतो.

गेटवेवरून बोललं की पहिला शब्द का कापला जातो?

कारण साखळी मोठी आहे. तुमची पीटीटी, रिपीटर जागा होणं, टोन ओळखणं, डब्याने दुसरी पीटीटी दाबणं, डिजिटल चिपचं मोजमाप, यात पाव ते अर्धा सेकंद सहज जातो. "रामकुंडावर दोन जण बुडतायत" म्हणालात की "कुंडावर दोन जण" एवढं पोचतं, आता कुठलं कुंड? पीटीटी दाबा, मनात एक म्हणा, मग "कंट्रोल, कंट्रोल" करून सुरू करा. पहिला कंट्रोल कापला जाऊ द्या, तो त्यासाठीच आहे. शेवटी "ओव्हर" का म्हणायचं ते "नका"च्या गोष्टीत कळलं असेलच.

स्कॅन लावून दोन्ही चॅनेल ऐकले तर नाही का चालणार?

पर्यवेक्षकाला चालेल, गल्लीतल्या माणसाला नको. स्कॅन म्हणजे सेट एकेका चॅनेलचं दार ठोठावत फिरतो, डिजिटलच्या दारावर त्याला जास्त वेळ थांबावं लागतं, कलर कोड आणि ग्रुप तपासायचा असतो. तेवढ्यात दुसरीकडचं वाक्य निम्मं होऊन जातं. शिवाय उत्तर देताना आपण कुठल्या चॅनेलवर बोलतोय तेच लोकांना कळत नाही. दोन सेट द्या, एक डाव्या खांद्याला एक उजव्या. वजन होतं, हो.

डिजिटलवर बोलणं कोणी चोरून ऐकू शकत नाही ना?

नुसतं डिजिटल म्हणजे गुप्त नाही, तसाच सेट असलेला कोणीही ऐकेल. गुप्ततेसाठी एन्क्रिप्शन (बोलणं कुलूपबंद करणं) वेगळं चालू करावं लागतं आणि सगळ्या सेटमध्ये त्या कुलपाची एकच की, म्हणजे किल्ली, असावी लागते. शंभरातल्या एका सेटमध्ये की चुकली तर त्या माणसाला कचरा ऐकू येतो आणि तो सेट खराब समजून बंद करून ठेवतो. गेटवे लावलात तर एन्क्रिप्शन तिथेच संपलं, पुढे ॲनालॉगवर तेच बोलणं उघडं. रुग्णाचं नाव, मोबाइल नंबर असलं काही मिसळलेल्या चॅनेलवर बोलू नये.

इमर्जन्सी बटण, लोकेशन, कोण बोलतंय ते नाव, हे ॲनालॉगवाल्यांना दिसेल?

नाही. गेटवेतून फक्त आवाज जातो. डिजिटलवाल्याने केशरी बटण दाबलं तर डिजिटल सेटवर आणि कन्सोलवर लाल होईल, ॲनालॉगवाला शेजारी उभा असला तरी त्याला पत्ता नाही. म्हणून बटण दाबलं तरी तोंडाने बोलायचंच, आणि कंट्रोलवाल्याने ते ॲनालॉग बाजूला मोठ्याने परत सांगायचं. नावं दिसायची सवय लागलेली पोरं कॉलसाइन (वायरलेसवरचं आपलं ओळखीचं नाव) सांगायचंच विसरतात, मग ॲनालॉग बाजूला "कोण बोलतंय, कोण बोलतंय" सुरू होतं.

ऑनलाइन दीड हजारात वॉकी-टॉकी मिळतात, मंडळासाठी घेऊ का?

थांबा जरा. भारतात वायरलेस वापरायला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची फ्रिक्वेन्सी आणि लायसन्स लागतं, सेटच्या मॉडेलला मंजुरी (टाइप ॲप्रूव्हल) लागते. कमी ताकदीच्या छोट्या हँडसेटसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा लायसन्समुक्त आहे, तेवढ्यातच चालणारा मंजूर सेट असेल तर बिनधास्त वापरा, पार्किंग आणि प्रसादाच्या रांगेला पुरतो. पण स्वस्त सेट बऱ्याचदा १३६ ते १७४ आणि ४०० ते ४७० सगळीकडे उघडे असतात, कोणीतरी पोरगा बटणं दाबत दाबत भलत्याच्याच चॅनेलवर जातो. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असले सेट विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना धरलं आणि विक्रीचे नियमही काढले. पोलिसांची वायरलेस व्यवस्था वेगळी, राज्याच्या बिनतारी संदेश विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे, त्यांच्या चॅनेलवर ऐकण्याचा बोलण्याचा नाद करू नका, आणि माझ्याकडे तसं प्रोग्रामिंग मागायला येऊ नका. आलेत दोन-तीन जण, चहा पाजून परत पाठवले.

व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पीटीटीची ॲप आहेत, मग वायरलेसचं जुनं खूळ कशाला?

स्नानाच्या दिवशी गाडगे महाराज पुलावर उभं राहून एक फोन लावून बघा. लाख माणसं, लाख मोबाइल, टॉवर तेवढेच. वायरलेसवर एक बोलला की सगळे ऐकतात, नंबर शोधायचा नाही, स्क्रीन ओली आहे म्हणून अडायचं नाही. पीटीटी ॲप मदतीला ठेवा, मीही ठेवतो, बाहेरगावच्या माणसाला ग्रुपमध्ये जोडायला छान आहे.

पुराच्या वेळी काय वेगळं?

गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (पुराचं पाणी मोजायची आपली खूण) कमरेपर्यंत पाणी आलं की खालच्या बाजारात लाइट जाते, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये बघितलंय. तुमचा रिपीटर आणि गेटवे कुठल्या लाइनवर आहेत? बॅटरी बॅकअप किती तास? गेटवे गेला की दोन्ही टीम आपोआप तुटतात आणि कोणालाच कळत नाही, जो तो समजतो समोरचा उत्तर देत नाहीये. तेव्हा आधीच ठरवून ठेवा, कंट्रोलचा आवाज दहा मिनिटं आला नाही तर सगळ्यांनी रिपीटरशिवायच्या ॲनालॉग चॅनेलवर जायचं. डीएमआर सेटची बॅटरी बोलताना जास्त टिकते, कारण ट्रान्समीटर निम्माच वेळ चालू असतो, पण त्याच सेटवर ॲनालॉगमध्ये बोललात तर तो फायदा गेला, तेव्हा जास्तीची बॅटरी खिशात ठेवायची, पिशवीत बांधून.

तो समाईक ॲनालॉग चॅनेल सेटमध्ये कुठे ठेवायचा?

शेवटच्या नंबरला. बऱ्याच हँडसेटला १६ घरांची गोल खुंटी असते, ती उजवीकडे फिरवत गेलं की १६ वर अडते, अंधारात, पावसात, हातमोजे घालून, न बघता. सगळ्या खात्यांच्या, सगळ्या कंपन्यांच्या सेटमध्ये १६ ला तोच चॅनेल, तोच टोन, तीच अरुंद सेटिंग, आणि तो ज्या संस्थेच्या लायसन्सवर आहे तिची लेखी परवानगी. जुने ॲनालॉग सेट भंगारात देऊ नका, नव्या बॅटऱ्या घालून त्यातले दहा-बारा १६ वर लावून कंट्रोलच्या कपाटात ठेवा, बाहेरून मदतीला आलेल्या टीमच्या हातात द्यायला. माझ्या बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका मी १६ च्या आकड्यावर लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही. बाटली संपली की मात्र घरी बोलणी खावी लागतात.